पोस्टग्रेसक्यूएल ११ वरून १६ वर जाताना किती चाचणी पुरेशी?

प्रश्न
आमच्या पतसंस्थेचा सभासदांचा डेटाबेस सेंटओएस ७ वर पोस्टग्रेसक्यूएल ११ मध्ये आहे. डेटा डिरेक्टरी रॉकी लिनक्स ९ च्या नव्या सर्व्हरवर हलवून तिथे ‘पीजी_अपग्रेड’ या आवृत्ती बदलण्याच्या साधनाने १६ वर जाण्याचा विचार आहे. त्याची ‘चेक’ ही पूर्वतपासणी निर्विघ्न पार पडली आणि १६ वरील रिकाम्या डेटाबेसवर आमचे सॉफ्टवेअरही नीट चालले. एवढे पुरेसे मानावे का?

उत्तर १
मुळीच मानू नये. ‘चेक’ दोन्ही क्लस्टर (जुन्या व नव्या आवृत्तीचे डेटाबेस-संच) एकमेकांशी जुळतात की नाही तेवढेच पाहते. क्वेरींची उत्तरे बरोबर येतात का, हे ती तपासत नाही. इथे मोठा धोका ऑपरेटिंग सिस्टिम बदलण्यात आहे. सेंटओएस ७ मध्ये जीलिबसी (अक्षरक्रमाचे नियमही पुरवणारी सिस्टिमची मूळ लायब्ररी) २.१७ आहे, रॉकी ९ मध्ये २.३४, मधल्या २.२८ मध्ये, म्हणजे २०१८ साली, अक्षरक्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. मजकुरावरचे बी-ट्री इंडेक्स (नोंदी पटकन शोधण्यासाठीच्या क्रमवार सूची) जुन्या क्रमाने रचलेले असतात आणि नवी यंत्रणा त्यांत नव्या क्रमाने शोधते, त्यामुळे टेबलात असलेली नोंदही सापडेनाशी होऊ शकते. युनिक इंडेक्स असूनही तीच नोंद दुसऱ्यांदा शिरू शकते, आणि लॉगमध्ये त्रुटी उमटेलच असे नाही. कोलेशन (अक्षरक्रमाचा नियम) ‘सी’, म्हणजे साधा बाइटक्रम, असेल तर ही भीती नाही.

प्रश्नकर्ता
कोलेशन ‘एन_यूएस’ आहे आणि नावे देवनागरीत आहेत. डिरेक्टरी हलवण्याऐवजी डम्प (डेटा बाहेर काढलेली फाइल) घेऊन नव्या सर्व्हरवर रिस्टोअर केले तर?

उत्तर २
तर इंडेक्स नव्याने बांधले जातात आणि हा दोष उरत नाही. वेळ मात्र बराच जास्त लागतो. डिरेक्टरीच हलवणार असाल, तर मजकुराचे सर्व इंडेक्स रीइंडेक्स करून (नव्याने बांधून) ‘ॲमचेक’ या इंडेक्स तपासणाऱ्या एक्स्टेंशनने तपासावेत.

रिकाम्या डेटाबेसवरील चाचणीवर मात्र विसंबू नका. १५ पासून नव्या डेटाबेसच्या ‘पब्लिक’ स्कीमात (टेबलांच्या मूळ गटात) टेबल तयार करण्याचा अधिकार सर्वांना आपोआप मिळत नाही, पण अपग्रेड केलेल्या डेटाबेसमध्ये जुने अधिकार कायम राहतात; म्हणजे तुम्ही तपासलेली व्यवस्था प्रत्यक्षात येणारच नाही. शिवाय १८ पूर्वीच्या आवृत्त्यांवर जाताना ‘पीजी_अपग्रेड’ प्लॅनरची (क्वेरी कशी चालवायची हे ठरवणाऱ्या भागाची) आकडेवारी सोबत आणत नाही, म्हणून ‘ॲनालाइझ’ने ती नव्याने गोळा करण्याआधी मोजलेला वेग फसवा ठरतो.

खऱ्या डेटाच्या पूर्ण प्रतीवर संपूर्ण अपग्रेड करून पाहा आणि महिनाअखेरचे अहवाल दोन्हीकडे काढून ओळीओळीने ताडून पाहा. ‘लिंक’ पद्धत (फायलींची प्रत न काढता जुन्याच फायली वापरणारी) वापरणार असाल तर आधी बॅकअप रिस्टोअर होतो याची खात्री करा, कारण नवा सर्व्हर एकदा सुरू झाला की जुना क्लस्टर सुरक्षितपणे वापरता येत नाही.