झीनट कार्ड: कूपन कापलेलं असेल तर वर्ष कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. मी सॅक्रामेंटोला राहतो, पॅसिफिक कोस्ट लीग या अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बेसबॉल लीगमधल्या खेळाडूंची झीनट चित्रकार्डं जमवतो. 1911 ते 1938 दरम्यान ती सॅन फ्रान्सिस्कोच्या खाऊच्या पुड्यांत मिळायची. बहुतेक वर्षी तळाशी कूपन असे. पोरं ते कापून बक्षीस घेत, म्हणून अख्खं कार्ड फार दुर्मिळ. मुदतीची तारीखही कूपनवरच, ते गेलं की वर्षाचा पत्ता लागत नाही.

मला त्या लीगमधल्या सॅन फ्रान्सिस्को सील्स संघाचं एक बिनकूपनाचं कार्ड मिळतंय. विकणारा 1933 म्हणतो, म्हणजे सील्सच्याच जो डिमॅजिओ या खेळाडूने सलग 61 सामन्यांत हिट मारले ते वर्ष! छपाई, कागद, गणवेश, नेमकं काय तपासू? बाकीच्या कडा नंतर छाटल्यात का, हे कसं कळेल? रविवारपर्यंत त्याला उत्तर द्यायचंय. कुणी अशी कार्डं हाताळली असतील तर कृपया सांगा.