मदत हवी आहे: अपग्रेडमध्ये पोस्टइन्स्ट स्क्रिप्ट पडते
डेबियन 12 (लिनक्स) सर्व्हरवर ॲप्टने (पॅकेजेस टाकायचं टूल) अपग्रेड करताना एका पॅकेजची पोस्टइन्स्ट स्क्रिप्ट (फाइल्स बसल्यावर आपोआप चालणारी) एक्झिट स्टेटस 1, म्हणजे अपयशाचा कोड, देऊन थांबते. त्यावर अवलंबून असलेली पॅकेजेसही मग अर्धवट लटकतात. 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' (डीपीकेजी म्हणजे ॲप्टच्या खाली प्रत्यक्ष पॅकेज बसवणारं टूल) आणि 'ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' दोन्ही करून पाहिलं, तीच एरर. डिस्कवर जागा आहे, आयनोड (डिस्कवरच्या फाइल-नोंदी) शिल्लक आहेत, पॅकेज डेटाबेसचा लॉक कुणी धरलेला नाही.

स्क्रिप्टमध्ये 'सेट -एक्स' (चालणारी प्रत्येक कमांड छापणारा पर्याय) टाकल्यावर दिसलं की ती सर्व्हिस रीस्टार्टच्या ओळीवर पडते. जर्नलमध्ये (सिस्टिमच्या लॉगमध्ये) फक्त टाइमआउट. गंमत म्हणजे तीच सर्व्हिस सिस्टिमसीटीएलने (सर्व्हिस सुरू-बंद करायची कमांड) हाताने रीस्टार्ट केली की बिनतक्रार उठते!

'एक्झिट 0' (सगळं ठीक असं सांगून स्क्रिप्ट तिथेच संपवणं) घुसडायचा सल्ला कृपया नको, कारण डेटा मायग्रेशन त्याच स्क्रिप्टमध्ये पुढे आहे. पॅकेज काढून परत टाकणंही जमणार नाही.

डीपीकेजीने चालवताना आणि हाताने चालवताना नेमका फरक कशात पडत असेल, आणि तो पकडायचा कसा?