चर्चा धागा: ताहो सरोवराचा काठ कोणाचा?

वाटसरू
अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि नेवाडा या राज्यांच्या सीमेवर असलेले ताहो सरोवर आजही निळे दिसते याचे श्रेय काठावर कोट्यवधी डॉलरची घरे बांधून राहणाऱ्या धनिकांना आहे आणि त्यांच्याविषयीची तक्रार ही निव्वळ असूया आहे, असे एका सदस्यांनी येथे लिहिले. ते वाचून उत्तर दिल्यावाचून राहवले नाही. १९६८ मध्ये पाण्याची पारदर्शकता मोजण्यासाठी यात सोडलेली पांढरी तबकडी वर्षाच्या सरासरीने सुमारे ३१ मीटर खोलीपर्यंत दिसत असे. अलीकडे ती २० मीटरच्या आसपासच दिसेनाशी होते, आणि त्याचे एक मोठे कारण रस्त्यांवरून व वस्त्यांमधून वाहून येणारी बारीक माती हे आहे. जे काही वाचले ते नियमांमुळे वाचले. दोन्ही राज्यांचे मिळून जे प्राधिकरण १९६९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या मंजुरीने उभे राहिले, त्याने बांधकामाला लगाम घातला. सांडपाणी खोऱ्याबाहेर नेले जाते, तेही सार्वजनिक यंत्रणेमार्फत.

शिवाय काठाच्या हक्काचे काय? कॅलिफोर्नियात १९८१ च्या न्यायालयीन निकालानंतर कमाल पाणीरेषेपर्यंतच्या पट्ट्यावर जनतेचा हक्क मानला जातो, तर नेवाडात खासगी मालकी थेट किमान पाणीरेषेपर्यंत खाली उतरते.

हिशेबनीस
नियम कागदावर असतात; त्यांचा खर्च कोणीतरी उचलावा लागतो. पावसाचे पाणी आवारातच मुरवण्याची व्यवस्था तेथील घरमालकांना स्वतः करावी लागते, आणि भूखंडाचा किती भाग छपराखाली वा फरशीखाली जाईल यावरही बंधन असते. आपण जॉर्ज व्हिटेल या धनाढ्य जमीनमालकाला सोयीस्करपणे विसरलात. १९२९ च्या शेअर बाजाराच्या पडझडीपूर्वीच समभाग विकून मोकळ्या झालेल्या या वारसदाराने १९३० च्या दशकात नेवाडाकडील सुमारे ४०,००० एकर जमीन आणि ४३ किलोमीटर काठ विकत घेतला, आणि एकांत हवा म्हणून त्यातला बहुतेक भाग तसाच ठेवला. ती जमीन तुकड्यातुकड्यांनी विकली गेली असती, तर तेथे आज कॅसिनोंची रांग दिसली असती.

रेनोकर
व्हिटेल यांनी जमीन दान केली नाही, साहेब. तिचा जो भाग आज सर्वांसाठी खुला आहे, तो मिळवण्यासाठी सार्वजनिक पैसा मोजावा लागला. आणि एकांताचेच म्हणाल, तर नेवाडाच्या काठावरील इन्क्लाइन व्हिलेज या गावाचे पाहा. तेथील समुद्रकिनाऱ्यासारखी वाळू १९६८ च्या खरेदीखताच्या अटीनुसार त्या हद्दीतील मालमत्ताधारक आणि त्यांचे पाहुणे यांच्यासाठीच राखीव आहे, आणि २०११ मध्ये संघीय अपील न्यायालयानेही ती अट कायम ठेवली. माझा मामेभाऊ त्याच गावातल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात राबतो, पण तेथे भाडे परवडत नाही म्हणून डोंगरापलीकडच्या रेनो शहरातून माउंट रोझचा घाट चढून येतो. बर्फाने घाट बंद झाला की त्याचा रोज बुडतो. ज्यांच्या जेवणाच्या पंक्ती तो सांभाळतो, त्यांच्या वाळूवर त्याला सुटीच्या दिवशी पाय ठेवता येत नाही.

हिशेबनीस
आपल्या भावाच्या कष्टांविषयी मला आदर आहे, परंतु एका माणसाच्या हालावरून मालकी हक्काचा निवाडा होत नाही. त्या रहिवाशांनी वाळूची किंमत मोजली आहे आणि देखभालही तेच करतात. शेजारीच सँड हार्बर हा सरकारी उद्यानातला किनारा आहे, तेथे प्रवेशशुल्क भरून कोणीही जाऊ शकतो.

रेनोकर
सँड हार्बरचे वाहनतळ उन्हाळ्यात सकाळीच भरते, हे आपण तेथे कधी गेला असता तर आपल्याला ठाऊक असते. माझ्या भावाला वाट दाखवण्याआधी एवढी माहिती तरी करून घ्यावी. आणि कराविषयी का बोलत नाही? नेवाडात राज्याचा वैयक्तिक आयकर नाही, कॅलिफोर्नियात वरचा दर १३.३ टक्के आहे. पाणी तेच ठेवून केवळ पत्ता पलीकडच्या काठावर नेला की एवढी बचत होते, आणि वर आपण त्यांना सरोवराचे रक्षणकर्ते म्हणायचे!

वाटसरू
व्हिटेल यांच्यामुळे तो काठ काही दशके मोकळा राहिला, एवढे मान्य करावे लागेल, जरी हेतू लोकहिताचा नव्हता. परंतु आजच्या धनिकांची कितीतरी घरे वर्षातला मोठा काळ कुलूपबंद असतात, आणि कामगाराला खोली मिळत नाही.

हिशेबनीस
रिकाम्या घरांचा प्रश्न मतदारांपुढे गेला होता. साउथ लेक ताहो शहरात वर्षातून १८२ दिवसांहून अधिक काळ रिकाम्या राहणाऱ्या घरांवर कर लावण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२४ मध्ये मांडला गेला आणि फेटाळला गेला. सुटीपुरती घरे घेतलेल्या बाहेरच्या मालकांना तेथे मतही नव्हते. स्थानिकांनीच नको म्हटले; आता दोष कोणाला देणार?

रेनोकर
निकाल तसाच लागला, हे मी नाकारत नाही. पण भाडे परवडेना म्हणून ज्यांना ते शहर आधीच सोडावे लागले होते, त्यांनाही मत नव्हते, आणि त्या कराची गरज सर्वांत जास्त त्यांनाच होती.