मदत हवी आहे: लसूणघास चीनमध्ये नेला कुणी?

आपल्याकडे गाईम्हशींना घालतात तो लसूणघास हान घराण्यातल्या सम्राट वू याच्या काळात चीनमध्ये पोचला. सम्राटाला मध्य आशियातल्या फरगाना खोऱ्यातले घोडे हवे होते (त्यापायी इ.स.पू. १०४ ते १०१ युद्धही झालं!) आणि ते घोडे हाच चारा खात. बियाण्याचं श्रेय बहुतेक जण झांग छियान या दूताला देतात. पण त्याच काळातला इतिहासकार सिमा छियान याच्या 'शिजी' या इतिहासग्रंथात नुसतं 'हानचे दूत' आहे. मला तर झांगचं नाव मागाहून चिकटवलेलं वाटतं. सहाव्या शतकातल्या 'छीमिन याओशू' या चिनी शेतीग्रंथात या पिकाच्या लागवडीची माहिती आहे. मधल्या काळात शाही घोड्यांचा हा चारा साध्या शेतकऱ्याच्या वावरात कसा उतरला, यावर मराठी किंवा इंग्रजीत वाचण्याजोगं काही सुचवाल का?