लांब पल्ल्याचा प्रवास: रोजच्याच मॉडेलमध्ये बसवावा की वेगळा?

रस्तारेषा
प्रादेशिक आराखड्यासाठी चार टप्प्यांचं नेहमीचं मॉडेल (किती फेऱ्या, कुठे, कोणत्या साधनाने, कोणत्या रस्त्याने) वापरतोय. शहरातल्या फेऱ्या चांगल्या जुळतात, पण १०० किमीच्या पुढे महामार्गावरच्या मोजणीपेक्षा मॉडेल फारच कमी वाहनं दाखवतं. घरोघरच्या एकदिवसीय सर्वेक्षणात लांबच्या नोंदी मोजक्याच आहेत. ग्रॅव्हिटी मॉडेलचे (जितकं लांब, तितक्या कमी फेऱ्या असं धरणाऱ्या सूत्राचे) गुणांक बदलून भागेल का? मोबाइलचा डेटा घ्यावा का?

नमुना_निवड
गुणांक बदलून भागणार नाही, कारण माहितीच तोकडी आहे. माणशी वर्षाला ६ लांबचे दौरे धरा. जाऊन-येऊन १२ फेऱ्या, म्हणजे दिवसाला ०.०३३. २,००० लोकांना एका दिवसाचं विचारलं तर ६६ फेऱ्या मिळतील. प्रवासाचा हेतू आणि साधन (गाडी, रेल्वे वगैरे) यांप्रमाणे वाटल्या की एकेका गटात चार-दोनच उरतात. शिवाय त्या दिवशी जो परगावी असतो, तो घरी भेटतच नाही. त्याच लोकांना मागच्या ४ आठवड्यांचं विचारा, साधारण ९२० दौरे हाती येतील. ३ महिन्यांचं विचारलं तर विसर वाढतो, आणि तो सारखा नसतो: मोठी सुट्टी लक्षात राहते, कामासाठी एका दिवसात जाऊन आलेलं निसटतं. मुलाखती वर्षभर पसरवा, नाहीतर एकाच हंगामाचं चित्र मिळेल.

दुसऱ्यांचे फेऱ्यांचे दर उचलताना अंतराची मर्यादा, म्हणजे किती अंतरापुढे फेरी लांबची धरली, ती आधी बघा. अमेरिकेच्या १९९५ च्या सर्वेक्षणात ती १०० मैल होती, २००१ मध्ये ५० मैल. ते आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत.

लॉगसम
वरच्याशी सहमत, पण कमी वाहनं दिसण्याचं मोठं कारण ग्रॅव्हिटीच्या सूत्रातही आहे. घातांकी फलनात (ज्यात प्रत्येक जादा मिनिट आकर्षण त्याच प्रमाणात घटवतं) मिनिटाचा गुणांक −०.०५ असेल तर १८० ऐवजी २४० मिनिटं लागणारं ठिकाण सुमारे २० पट कमी आकर्षक ठरतं. माणूस इतक्या लांब निघाला की आणखी एक तास त्याला एवढा जड वाटत नाही. वेळेचा लॉगरिदम घेऊन गुणांक −२ ठेवला, तर तेच प्रमाण ०.५६ वर येतं. म्हणून गंतव्यनिवडीत (कुठे जायचं हे ठरवणाऱ्या टप्प्यात) वेळ आणि खर्च दोन्ही लॉग रूपात घालून पाहा आणि अंतराच्या टप्प्यांनुसार फेऱ्यांचं वितरण ताडून बघा. एकूण सरासरी जुळली म्हणून समाधान मानू नका, ती फसवते.

साधननिवडीत सोबत किती माणसं आहेत हे हवंच. चौघांचं तिकीट चौपट होतं, गाडीचं इंधन जवळपास तेवढंच राहतं. हे सोडलं की कौटुंबिक प्रवास रेल्वेकडे झुकलेला दिसतो आणि तो दोष साधनाच्या स्थिरांकात (प्रत्येक साधनाला दिलेल्या ठरावीक आकड्यात) लपून बसतो.

कॉर्डन
सीमेवरच्या बाह्य स्थानकांचाही (मॉडेलच्या क्षेत्रात वाहनं जिथून येतात-जातात त्या बिंदूंचाही) हिशेब तपासा. तिथे फेरी तुटली की उरलेलं अंतर मॉडेलला दिसतच नाही. सीमेबाहेर मोठे झोन (मॉडेलसाठी पाडलेले भूभाग) जोडा. वेगळं लांब पल्ल्याचं मॉडेल जोडताना रहिवाशांच्या त्याच फेऱ्या जुन्या आत-बाहेर मॅट्रिक्समधून (सीमा ओलांडणाऱ्या फेऱ्यांच्या कुठून-कुठे तक्त्यातून) वजा करा, नाहीतर त्या दोनदा मोजल्या जातात. विमानतळ किंवा स्टेशनपर्यंतची फेरी मात्र स्थानिक नेटवर्कवर टाकायला विसरू नका.

आणखी एक नेहमीची चूक: ५ तासांची फेरी सकाळच्या २ तासांच्या वाटपात (फेऱ्या रस्त्यांवर टाकण्याच्या टप्प्यात) टाकली, तर स्थिर, म्हणजे वेळ पुढे सरकते हे न धरणारं वाटप तिचा भार पूर्ण मार्गावर त्याच वेळात चढवतं. निघाल्यापासून लागणाऱ्या वेळेनुसार पुढचे तुकडे पुढच्या कालखंडांत सरकवा.

मोबाइलचा डेटा झोन ते झोन एकूण प्रवाहासाठी चांगला. हेतू आणि सोबतची माणसं त्यातून कळत नाहीत. थांब्याची मर्यादा कमी ठेवली तर वाटेतलं जेवण म्हणजे एक गंतव्य ठरतं आणि एका लांब फेरीच्या दोन लहान होतात. ३० मिनिटं, १ तास आणि २ तास अशा तिन्ही मर्यादा लावून लांब फेऱ्यांची संख्या किती हलते ते पाहा. फार हलत असेल तर त्या डेटावर कॅलिब्रेशन करू नका, म्हणजे मॉडेलचे गुणांक बेतू नका, फक्त पडताळणीला वापरा.