मदत हवी आहे: अपघातानंतर एआरडीएस (फुफ्फुसांत पाणी झिरपून ऑक्सिजन घसरणं), एकमोसाठी (शरीराबाहेरून रक्ताला ऑक्सिजन देणारं यंत्र) हलवावं का?

धाकटा भाऊ, वय 32. सहा दिवसांपूर्वी दुचाकीचा अपघात. मांडीचं हाड, चार बरगड्या मोडल्या, प्लीहेलाही इजा. रक्ताच्या दहा पिशव्या चढवल्या. तिसऱ्या दिवशी ऑक्सिजन घसरला. डॉक्टर म्हणतात, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावलंय, त्यातून पाणी फुफ्फुसांत झिरपतंय.

व्हेंटिलेटरवर 80 टक्के ऑक्सिजन, पीएफ रेशो (रक्तातला ऑक्सिजन आणि दिलेला ऑक्सिजन यांचं प्रमाण) फक्त 70. दोन दिवस रोज 16 तास पालथं झोपवलं, फरक नाही. सीटीत गुठळी नाही, टूडी इको नॉर्मल. एकमोची सोय 70 किलोमीटरवर. खर्चाचं आम्ही बघू. पण एकमोत रक्त पातळ ठेवतात आणि प्लीहेची जखम ताजी आहे, हीच धास्ती.

अशा रुग्णाला हेपारिनशिवाय (रक्त पातळ ठेवणारं औषध) किंवा कमी हेपारिनवर एकमो दिलेला कुणी पाहिलाय का? हलवण्याआधी डॉक्टरांना नेमकं काय विचारू?