बंदी आली, पण पळवाट उरली

‘डायक्लोफिनॅकवर २००६ मध्येच बंदी आली, तरी गिधाडे का वाढली नाहीत?’ असा प्रश्न अनेकदा विचारला जातो, त्यासंदर्भात थोडी भर घालतो. डायक्लोफिनॅक हे गुरांनाही दिले जाणारे वेदनाशामक; ते दिलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणारी गिधाडे दगावतात. ती बंदी केवळ पशुवैद्यकीय वापरापुरती होती. माणसांसाठी बनणाऱ्या याच औषधाच्या ३० मिलिलीटरच्या कुप्या दुकानांत राहिल्या आणि त्या बिनदिक्कत गोठ्यांपर्यंत पोहोचत राहिल्या. हा गैरवापर रोखण्यासाठी कुपी ३ मिलिलीटरची करण्याचा निर्णय व्हायला २०१५ साल उजाडले, तर गिधाडांना तशाच घातक असलेल्या केटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅक या वेदनाशामकांच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी यायला २०२३. मेलॉक्सिकॅमसारखा सुरक्षित पर्याय उपलब्ध असताना एवढा विलंब मला तरी अक्षम्य वाटतो.

औषधाचा अंश असलेले मांस खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडे काही दिवसांतच निकामी होतात आणि शवविच्छेदनात यकृतावर, हृदयावर युरिक आम्लाचा खडूसारखा पांढरा थर दिसतो. मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला साधारण पाच वर्षे लागतात, त्यामुळे औषधाचा अंश असलेली मोजकी मढीही अख्खी वसाहत खिळखिळी करू शकतात. दरम्यान उघड्यावरची मढी भटक्या कुत्र्यांच्या वाट्याला गेली, आणि रेबीजची धास्ती त्यांच्यासोबत आली.

म्हणूनच रायगडमधील चिरगावसारखी, गिधाडांसाठी मेलेली जनावरे टाकण्याची खाद्यस्थळे इतरत्रही काढावीत, ही सूचना मान्य करताना एक अट घालावीशी वाटते: जनावराला शेवटच्या आठवड्यात कोणते इंजेक्शन दिले होते, हे मालकाकडून नोंदवून घेतल्याशिवाय मढे तिथे टाकू नये.